चौसष्ट जागा आणि एक हमखास दार

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्डहून कनेक्टिकट नदीच्या काठाकाठाने उत्तरेला निघाले, की तीसेक किलोमीटरवर नॉर्थहॅम्प्टन हे गाव लागते. १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि बास्केटबॉल सुरू झाला. नॉर्थहॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजात, म्हणजे केवळ मुलींसाठी असलेल्या महाविद्यालयात, सेंडा बेरेन्सन ही तरुण शिक्षिका त्याच सुमारास व्यायाम शिकवायला आली होती. लिथुआनियात जन्मलेल्या सेंडाने हा नवा खेळ आपल्या विद्यार्थिनींना शिकवला, आणि २२ मार्च १८९३ रोजी स्मिथच्या पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मुलींमध्ये सामना झाला. पुरुषांना आत मज्जाव होता. दुसऱ्या वर्षाच्या मुली ५-४ अशा जिंकल्या. मुलींनी फार धावू नये, अंगाला अंग भिडवू नये हा त्या काळचा आग्रह. म्हणून सेंडाने मैदानाचे तीन भाग पाडले, प्रत्येकीने आपल्याच भागात राहायचे असे ठरवले आणि दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायला बंदी घातली. आपल्याकडच्या शाळांत खेळल्या जाणाऱ्या नेटबॉलच्या मैदानाचे आजही तीन भाग असतात; त्याचे मूळ मुलींच्या या जुन्या बास्केटबॉलमध्ये आहे.

स्मिथ आणि त्या प्रशिक्षण विद्यालयाचे आजचे रूप असलेले स्प्रिंगफील्ड कॉलेज ही दोन्ही आज एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत. कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी एकमेकांशी साखळी सामने खेळणाऱ्या कॉलेजांची कायमची संघटना. हिचे नाव न्यू इंग्लंड विमेन्स अँड मेन्स अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स, थोडक्यात न्यूमॅक. सुरुवातीला ती केवळ महिला संघांची होती. १९९८मध्ये पुरुषांचे संघ आले आणि नावात ‘मेन्स’ हा शब्द नंतर जोडला गेला. अमेरिकेतल्या खेळाच्या इतिहासात हा क्रम उलटाच दिसतो, म्हणून मला या नावाचे अप्रूप वाटते. कॉन्फरन्समधली मंडळीही पाहण्यासारखी आहेत. स्मिथ, वेलस्ली आणि माउंट होल्योक ही महिलांची तीन नामवंत कॉलेजे. अभियांत्रिकीसाठी जगभर नावाजलेली एमआयटी आणि वुस्टर पॉलिटेक्निक. १९०९मध्ये सिग्मंड फ्रॉइडची व्याख्याने जिथे झाली ते क्लार्क विद्यापीठ. तटरक्षक दलाचे अधिकारी घडवणारी कोस्ट गार्ड अकादमी. उद्योजकतेसाठी प्रसिद्ध असलेले बॅब्सन. शिवाय व्हीटन, एमर्सन आणि खुद्द स्प्रिंगफील्ड. मंगळवारी प्रयोगशाळेत असलेली मुलगी बुधवारी संध्याकाळी नौदलासारख्या शिस्तीत वाढलेल्या कॅडेट मुलींसमोर उभी राहते.

या सगळ्या कॉलेजांचे खेळ एनसीएए या राष्ट्रीय संघटनेच्या तृतीय विभागात मोडतात. १९७३मध्ये एनसीएएने आपल्या सभासदांचे तीन विभाग केले. दूरदर्शनवर दिसते, हजारोंची गर्दी खेचते, ते कॉलेज बास्केटबॉल पहिल्या विभागाचे. तिसऱ्या विभागात चारशेहून अधिक संस्था आहेत, सभासदसंख्येने तो सर्वांत मोठा, आणि त्याचा पाया एकाच नियमावर उभा आहे: खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. घरची आर्थिक स्थिती किंवा परीक्षेतले गुण पाहून इतर विद्यार्थ्यांना जी मदत मिळते तीच खेळाडूलाही मिळू शकते. चेंडू चांगला टाकते म्हणून एक डॉलरही नाही. एनसीएएच्या वार्षिक उत्पन्नातला ३.१८ टक्के वाटा या विभागासाठी राखलेला असतो. एवढ्यात सगळ्या खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवायच्या असतात. असे असूनही दर हिवाळ्यात शेकडो संघ एका राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजतात, आणि त्या झुंजीची रचना इतकी विचारपूर्वक बांधलेली आहे की ती समजून घेतल्यावर एखादा बारीकसा गुणतक्ताही कादंबरीसारखा वाचता येतो.

सराव ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो, पहिले सामने नोव्हेंबरच्या पूर्वार्धात. नियमित हंगामात जास्तीत जास्त २५ सामने खेळता येतात. नोव्हेंबर-डिसेंबरात बहुतेक सामने कॉन्फरन्सबाहेरच्या संघांशी होतात. मग सत्रपरीक्षा, नाताळची सुट्टी, आणि जानेवारीपासून कॉन्फरन्सची साखळी खऱ्या अर्थाने पेटते. गुणतक्त्यात म्हणूनच दोन वेगळे आकडे असतात: कॉन्फरन्समधले जय-पराजय आणि एकूण जय-पराजय. नवखा वाचक एकूण आकड्याकडे पाहतो. जाणकाराची नजर आधी कॉन्फरन्सच्या आकड्यावर जाते, कारण फेब्रुवारीच्या अखेरीस होणाऱ्या कॉन्फरन्स स्पर्धेत कोणाला प्रवेश मिळणार, कोणाला कितवे मानांकन आणि कोणाला घरचे मैदान, हे सारे त्यावर ठरते. दोन संघ बरोबरीत असले तर सहसा आधी त्यांचे आपापसातले सामने पाहतात. जानेवारीतल्या एखाद्या बर्फाळ संध्याकाळी दीडशे प्रेक्षकांसमोर गमावलेला सामना सहा आठवड्यांनी असा पुढे येतो आणि परगावचा बसप्रवास पदरात टाकतो.

राष्ट्रीय स्पर्धेत सध्या ६४ संघांना जागा आहे. त्यातल्या चाळीसहून अधिक जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांसाठी राखीव असतात. पात्र कॉन्फरन्सचा विजेता थेट आत. त्याला कोणतीही समिती अडवू शकत नाही, त्याचा प्रतिस्पर्धी दुबळा होता की बलाढ्य हे कोणी विचारत नाही. हे हमखास दार. मेनच्या जंगलातल्या कॉलेजाला आणि टेक्ससच्या माळरानावरच्या कॉलेजाला ते सारखेच उघडे असते. बहुतेक कॉन्फरन्स ही जागा साखळीतल्या अव्वल संघाला न देता स्पर्धेच्या विजेत्याला देतात. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात सपाटून हरलेला, एकूण आकड्यात पराभवांकडे झुकलेला संघही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ओळीने तीन सामने जिंकला, तर राष्ट्रीय स्पर्धेत जातो. आणि वीस सामने जिंकलेला संघ एका वाईट रात्रीनंतर घरी बसू शकतो.

हे न्यायाचे आहे का? युनिव्हर्सिटी अ‍ॅथलेटिक असोसिएशन या कॉन्फरन्सचे उत्तर वेगळे आहे. १९८६मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेत न्यूयॉर्क विद्यापीठ, शिकागो, एमरी, ब्रँडाइस, रॉचेस्टर, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न रिझर्व्ह आणि सेंट लुईसचे वॉशिंग्टन विद्यापीठ अशी मोठ्या शहरांतली, संशोधनासाठी नावाजलेली विद्यापीठे आहेत. आठ संघ, प्रत्येकाशी एक सामना घरी आणि एक परगावी, मिळून चौदा. शेवटी स्पर्धा नाही. चौदा सामन्यांत जो पुढे, तोच विजेता, आणि राष्ट्रीय स्पर्धेची जागा त्याची. या संघांना शनिवार-रविवारला धरून विमानाने शहरे पालथी घालावी लागतात. त्यात आणखी एका स्पर्धेची भर अभ्यासाला परवडणारी नाही, हा विचारही त्यामागे आहेच. कसोटी म्हणून मला हीच पद्धत जास्त खरी वाटते: दोन महिन्यांच्या सातत्याला ती मान देते. पण ज्या कॉन्फरन्समध्ये एकच बलाढ्य संघ वर्षानुवर्षे वरचढ आहे, तिथल्या बाकीच्या मुलींना फेब्रुवारीपर्यंत आशा पुरवायची असेल तर अखेरची स्पर्धाच हवी, हेही मान्य करावे लागते.

हमखास दार बंद झाल्यावर दुसरे एक दार उरते, आणि ते अरुंद आहे. कॉन्फरन्स न जिंकलेल्या शेकडो संघांसाठी वीसच्या आसपास खुल्या जागा असतात. २०२३-२४च्या हंगामापर्यंत त्या जागा समित्या ठरवत. देशाचे प्रादेशिक भाग पाडलेले असत. प्रत्येक भागातली समिती जय-पराजयाचे प्रमाण, प्रतिस्पर्ध्यांची ताकद, आपापसातले निकाल, क्रमवारीतल्या संघांविरुद्धची कामगिरी असे सगळे तोलून क्रमवारी लावायची आणि राष्ट्रीय समिती त्यातून एकेक नाव उचलायची. २०२४-२५पासून हे काम एनपीआय या गणिती निर्देशांकाकडे आले. स्वतःचे जय-पराजय आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद हे त्याचे मुख्य घटक. परगावी मिळवलेला विजय घरच्या विजयापेक्षा जड धरतात, मातब्बर संघाला हरवल्याचे अधिकचे गुण मिळतात, आणि दुबळ्या संघाशी जिंकल्यामुळे निर्देशांक खाली जात असेल तर ठरावीक किमान विजयांनंतर तो विजय गणतीतून वगळता येतो. ही शेवटची तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. शेजारच्या धडपडणाऱ्या कॉलेजाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सामना केवळ आकडा बिघडेल या भीतीने कोणी रद्द करू नये, एवढी काळजी त्यात घेतली आहे.

या दोन दारांचे एकमेकांशी असलेले नाते फेब्रुवारीच्या शेवटच्या तीन दिवसांत कळते. समजा, निर्देशांकात देशात पाचवा असलेला संघ आपल्याच कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात हरला. त्याचे काही बिघडत नाही. खुल्या जागांतली एक जागा त्याची ठरलेलीच. पण त्याला हरवणारा संघ हमखास दाराने आत आला, एरवी तो आला नसता. म्हणजे एक खुली जागा कमी झाली, आणि तिचा फटका हजार किलोमीटरवरच्या, या सामन्याशी काडीचाही संबंध नसलेल्या, यादीत अगदी शेवटी असलेल्या संघाला बसला. म्हणूनच काठावरच्या संघातल्या मुली त्या शनिवारी कधी न पाहिलेल्या कॉलेजांचे सामने संगणकावर लावून बसतात आणि प्रत्येक ठिकाणी अव्वल मानांकित संघच जिंको म्हणून देव पाण्यात ठेवतात.

संघाची पात्रता अशी मैदानावर ठरते. काही वेळा मात्र ती कागदावरही अडते. दुसऱ्या संघटनेतून तृतीय विभागात येणाऱ्या कॉलेजाला आधी काही वर्षे उमेदवार सभासद म्हणून काढावी लागतात. त्या काळात ते कॉन्फरन्सच्या साखळीत खेळू शकते, सगळे सामने जिंकूही शकते, पण एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार त्याला बंद. चार वर्षांच्या शिक्षणापैकी बहुतेक वर्षे या प्रतीक्षेत गेलेल्या खेळाडू अशा कॉलेजांत असतात.

खेळाडूच्या पात्रतेचे नियम आणखी काटेकोर. दहा सत्रांच्या आत चार हंगाम, आणि त्या काळात पूर्णवेळ विद्यार्थिनी असणे सक्तीचे. पहिल्या विभागात खेळाडूला वर्षभर नुसता सराव करून तो हंगाम पुढे राखून ठेवता येतो. तिसऱ्या विभागात तशी सोय नाही: संघाचा पहिला सामना झाल्यानंतर सरावालाही उभी राहिली तरी तिचा एक हंगाम खर्ची पडला. गंभीर दुखापत झाली तर दाद मागता येते, पण मूळ हेतू स्पष्ट आहे. शिक्षण चार वर्षांचे, खेळ त्यात बसवायचा. खेळासाठी शिक्षण लांबवायचे नाही. मार्च २०२०मध्ये साथीमुळे राष्ट्रीय स्पर्धा सोळा संघ उरलेले असतानाच थांबली, आणि २०२०-२१ची स्पर्धा झालीच नाही. त्या हंगामाचा हिशेब खेळाडूंच्या खात्यात धरायचा नाही असे ठरले. तरीही चौथ्या वर्षाला असलेल्या अनेकींना नोकरी किंवा पुढचे शिक्षण खुणावत होते आणि त्या परतल्या नाहीत.

आपल्या वाचकाला इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. महाराष्ट्रात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून चांगल्या खेळाडू निवडून विद्यापीठाचा एक संघ बांधतात, आणि तो संघ पश्चिम विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. कॉलेजाचा संघ विद्यापीठाच्या उंबरठ्यावर थांबतो. अमेरिकेत दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजाचा अख्खा संघ, राखीव खेळाडूंसकट, आपल्याच नावाने राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत जाऊ शकतो. दोन्ही रचनांची मुळे मात्र स्प्रिंगफील्डला भेटतात: मद्रासचे वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९२०मध्ये उभारणारे हॅरी क्रो बक स्प्रिंगफील्डलाच शिकले होते, आणि भारतातल्या शारीरिक शिक्षणाची घडी बसवण्यात त्या महाविद्यालयाचा वाटा मोठा आहे.

अरुंद दाराने आत येऊन इतिहास घडवल्याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण एनसीएएच्याही आधीचे आहे. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धांना एनसीएएने १९८१-८२पर्यंत हात लावला नव्हता. त्याआधी एआयएडब्ल्यू ही महिलांनीच चालवलेली संघटना त्या भरवत असे. तिची बास्केटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७२ची. फिलाडेल्फियाजवळच्या इमॅक्युलाटा या छोट्या कॅथलिक महिला महाविद्यालयाचा संघ प्रादेशिक अंतिम सामन्यात शेजारच्या वेस्ट चेस्टरकडून ७०-३८ असा हरला. बत्तीस गुणांचा पराभव! पण प्रदेशातल्या उपविजेत्यालाही प्रवेश होता. सोळा संघांत पंधरावे मानांकन मिळाले. प्रवासाला पैसे पुरेनात, म्हणून आठच खेळाडू इलिनॉयला गेल्या, त्याही विमानात आयत्या वेळी रिकाम्या राहणाऱ्या जागांच्या भरवशावर. प्रशिक्षक कॅथी रश यांच्या या संघाने एकेक सामना जिंकत अंतिम फेरी गाठली, आणि समोर पुन्हा वेस्ट चेस्टर. निकाल ५२-४८, इमॅक्युलाटा विजयी. पुढची दोन वर्षेही विजेतेपद त्यांचेच होते. कॉलेजातल्या नन्स बादल्या बडवत प्रोत्साहन देत, ही आठवण त्या काळातले सगळेच सांगतात. २०१४मध्ये या संघाला नेस्मिथ यांच्या नावाच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. उपविजेत्यांना प्रवेश देणारी ती एक ओळ नियमावलीत नसती, तर यातले काहीच घडले नसते. इमॅक्युलाटा आज तृतीय विभागात आहे.

एनसीएएची तृतीय विभागातली महिलांची पहिली स्पर्धा १९८२ची. पेनसिल्व्हेनियातल्या एलिझाबेथटाउन कॉलेजाने जादा वेळेत ६७-६६ असा निसटता विजय मिळवून ती जिंकली. नंतरच्या चाळीस वर्षांत काही विलक्षण मालिका घडल्या. नॅन्सी फेही यांच्या मार्गदर्शनाखाली वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९८ ते २००१ अशी सलग चार विजेतेपदे मिळवली आणि त्या काळात ओळीने ८१ सामने जिंकले. मॅसॅच्युसेट्सच्याच अ‍ॅमहर्स्ट कॉलेजाने घरच्या मैदानावर सलग १२१ सामने गमावले नाहीत. २०१७ आणि २०१८ या दोन्ही हंगामांत त्यांचा संघ एकदाही हरला नाही.

कॉन्फरन्सच्या स्पर्धा संपल्या, की फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला ६४ नावे जाहीर होतात आणि सोळा गट पाडले जातात. प्रत्येक गटात चार संघ, एका कॉलेजात, दोन दिवस. यजमान ठरवताना गुणवत्तेइतकाच नकाशा महत्त्वाचा असतो. पैसा मोजका, त्यामुळे बसने येता येईल अशाच संघांची शक्यतो एकत्र मोट बांधतात. ही मर्यादा दीर्घकाळ ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर होती. परिणामी दाट कॉलेजांच्या ईशान्य भागात मातब्बर संघ लवकर एकमेकांवर आदळतात, तर टेक्ससमधल्या दोन शेजाऱ्यांना पहिल्याच फेरीत भिडावे लागते. एकाच कॉलेजाचे महिला आणि पुरुष असे दोन्ही संघ पात्र ठरले तर व्यायामशाळा एकच. मग पहिल्या आठवड्यात यजमानपदाचा अग्रहक्क कोणाचा हे वर्षाआड बदलते. एका वर्षी महिलांचा, पुढच्या वर्षी पुरुषांचा.

या वाटेने चालत २०२४च्या मार्चमध्ये स्मिथचा संघ ओहायोतल्या कोलंबस इथे अंतिम सामन्यात उतरला. प्रशिक्षक लिन हर्सी. तृतीय विभागाच्या अंतिम सामन्यात पोचलेले हे पहिलेच महिला महाविद्यालय. समोर न्यूयॉर्क विद्यापीठ, म्हणजे अखेरच्या स्पर्धेविना चौदा सामन्यांवर विजेता ठरवणाऱ्या कॉन्फरन्सचा संघ. प्रशिक्षक मेग बार्बर यांच्या या संघाने हंगामातला एकही सामना गमावला नव्हता, आणि तोही गमावला नाही: ५१-४१. एका वर्षाने हेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात आमनेसामने आले. न्यूयॉर्क पुन्हा जिंकले, आणि हंगामाचा जय-पराजयाचा आकडा पुन्हा ३१-०.